वाचादोष व स्वरदोष : प्रतिबंध व चिकित्सा यांचा इतिहास

वर्णांचा उच्चार, बोलण्याचा ओघ, आवाजाचा पोत व पल्ला किंवा शब्दांची योजना व आकलन यांपैकी एका अथवा अनेक बाबतींत उणीव असल्यामुळे ऐकणाऱ्यास अर्थबोध होण्यास अडचण पडते किंवा बोलणाऱ्यासच बोलणे कष्टाचे होते, तेव्हा त्या उणिवेस वाचादोष म्हणतात. उणीव मुख्यतः आवाजाच्या निर्मितीत असेल, तर तीस स्वरदोष असे वेगळे नाव देतात. बोबडेपणा, तोतरेपणा, अनुनासिक उच्चार, आवाजाचा घोगरेपणा किंवा संपूर्ण लोप, बहिरेपणामुळे वाचा न फुटणे आणि मेंदूच्या इजेमुळे होणारा वाचाघात हे या दोषांचे प्रमुख प्रकार होत.

बोलण्याची क्रिया अनेक इंद्रियांच्या सहकार्याने घडते. फुप्फुसांतून बाहेर येणाऱ्या हवेमुळे स्वरयंत्रातील दोन स्वरतंतू कंप पावतात. सर्वसाधारण बोलण्यात ही कंपने प्रौढ पुरुषात दर सेकंदास सुमारे १०० ते १२५ आणि स्त्रीत सुमारे २०० असतात. त्यातून निघणाऱ्या मूळ ध्वनीस घसा, टाळू, जीभ, दात व ओठ वर्णाचे रूप देतात. या सर्वांच्या हालचालींचे नियंत्रण मेंदू करतो आणि आपण काय बोललो हे कान मेंदूस कळवितो. दोष यांपैकी कोठेही असू शकतो. त्यामुळे वाचादोषांच्या चिकित्सेचा इतिहास हा बव्हंशी दोषाचे स्थान शोधण्याचा इतिहास आहे. ज्या काळी ते जेथे असल्याचे मानले गेले, तेथेच त्या काळी उपचार झाला. स्थान चुकले, तेव्हा त्याची किंमत रुग्णास मोजावी लागली.

प्राचीन भारत : वेदपठणात उच्चाराची चूक हा दोष मानला जात असल्याने उच्चारणाचा काटेकोर अभ्यास भारतात फार लवकर झाला. सहा वेदांगांपैकी शिक्षा हे अंग याच विषयास वाहिलेले आहे. शिक्षाग्रंथांत व प्रातिशाख्यांत कंठ, तालू, मूर्धा, दंत व ओष्ठ ही उच्चारस्थाने, वर्णोच्चारासाठी लागणारे प्रयत्न आणि पठणकर्त्याचे गुणदोष सांगितले आहेत. घाईने वाचणे, मान हालवीत वाचणे, अर्थ न समजता वाचणे व दबलेल्या आवाजात वाचणे हे पाणिनीय शिक्षेने वाचकाचे दोष मानले आहेत. या शास्त्राचा हेतू रोग बरा करण्याचा नव्हता. तथापि गुरूने शिष्याचा उच्चार लक्षपूर्वक ऐकून तो जागच्या जागी सुधारण्याची जी पद्धत त्यातून रूढ झाली, ती आजच्या उच्चारसुधारणेच्या पद्धतीस जवळची आहे.

रोग म्हणून या दोषांचा विचार आयुर्वेदाने केला. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात स्वरभेदावर स्वतंत्र अध्याय असून वातज, पित्तज, कफज, सान्निपातिक, क्षयज व मेदज असे त्याचे सहा प्रकार वर्णिले आहेत. अतिशय मोठ्याने बोलणे, विषप्रयोग, मोठ्याने अध्ययन करणे व आघात ही स्वरभेदाची कारणे म्हणून दिली आहेत. मूक, मिन्मिन व गद्गद या वाचाविकारांची चर्चा मात्र सुश्रुताने वातव्याधींमध्ये केली असून शब्द वाहून नेणाऱ्या धमन्या कफयुक्त वायूने व्यापल्यामुळे ते होतात, असे म्हटले आहे. आवाज बिघडणे आणि वाचा अडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा भेद येथे स्पष्ट दिसतो. चरकसंहितेत कंठास हितकर अशा दहा द्रव्यांचा गण सांगितला असून ज्येष्ठमध, पिंपळी, द्राक्षे व रिंगणी यांचा त्यात समावेश आहे. घसा बसल्यावर ज्येष्ठमधाची कांडी तोंडात धरण्याचा घरगुती प्रघात आजही आढळतो.

प्राचीन ग्रीस व रोम : अथेन्सचा वक्ता डिमॉस्थिनीझ (इ. स. पू. ३८४–३२२) याचा आवाज क्षीण व उच्चार अस्पष्ट होता. तोंडात गारगोट्या ठेवून बोलणे, धावताना किंवा चढ चढताना एका दमात भाषण म्हणणे व आरशासमोर सराव करणे या उपायांनी त्याने या दोषांवर मात केली, असे प्लूटार्कने त्याच्या चरित्रात लिहिले आहे. या कथेचा प्रभाव पुढे दोन हजार वर्षे टिकला आणि निश्चय असेल तर कोणताही वाचादोष जातो, अशी समजूत तिने दृढ केली. याउलट इ. स. दुसऱ्या शतकातील वैद्य गेलेन याने प्रत्यक्ष प्रयोग केला. डुकराच्या स्वरयंत्राकडे जाणाऱ्या तंत्रिका कापताच त्याचे ओरडणे थांबते, हे त्याने लोकांसमोर दाखविले. आवाजाचे नियंत्रण मेंदूकडून तंत्रिकांद्वारे होते, याचा हा आरंभीचा पुरावा होय.

बहिरेपणा व वाचा : जन्मतः बहिरा मनुष्य मुका असतो तो वाणीच्या इंद्रियात दोष असल्यामुळे, आणि त्यास शिकविणे अशक्य आहे, हा समज युरोपात दीर्घकाळ प्रचलित होता. स्पेनमधील बेनेडिक्टीन भिक्षू पेद्रो पोन्से दे लेओन (मृत्यू १५८४) याने सरदारघराण्यांतील बहिऱ्या मुलांना लिहिण्यास व बोलण्यास शिकवून हा समज खोटा ठरविला. ह्वान पाब्लो बोनेत याचा या विषयावरील ग्रंथ १६२० मध्ये माद्रिद येथे प्रसिद्ध झाला. मूळचा स्वित्झर्लंडचा आणि हॉलंडमध्ये स्थायिक झालेला वैद्य योहान कोनराट आमान याने १६९२ मध्ये आपली पद्धत प्रसिद्ध केली. शिक्षकाच्या गळ्यावर हात ठेवून कंपने जाणणे व आरशात पाहून ओठ-जिभेच्या हालचाली करणे, असे तिचे स्वरूप होते. बहिऱ्या माणसाचे स्वरयंत्र बहुधा निरोगीच असते, त्याला वाट मिळत नाही ती कानाची, हे यातून कळून आले.

अठराव्या शतकात या शिक्षणाच्या दोन परंपरा निर्माण झाल्या. पॅरिसमध्ये आबे द लेपे याने बहिऱ्यांच्या हातांच्या खुणांचा शिक्षणासाठी उपयोग केला, तर जर्मनीत लाइपसिक येथे १७७८ मध्ये शाळा काढणाऱ्या झाम्यूएल हाइनिके याने तोंडी भाषणावर भर दिला. १८८० मध्ये मिलान येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने खुणांची भाषा वर्ज्य करून केवळ तोंडी पद्धत स्वीकारण्याचा ठराव केला. मतदान करणारे जवळजवळ सर्वजण ऐकू येणारे होते. या ठरावानंतर अनेक देशांतील शाळांतून बहिरे शिक्षक दूर झाले आणि मुलांना हात हालविण्यास बंदी करण्यात आली. ज्यांना बोलणे साधले नाही, अशा पुष्कळ मुलांना त्यामुळे कोणतीच भाषा धड मिळाली नाही. २०१० मध्ये व्हँकूव्हर येथील परिषदेने हे ठराव अमान्य करून त्यांच्या परिणामांबद्दल खेद व्यक्त केला. [→ बहिरेपणा].

जिभेवरील उपचार : तोतरेपणाचे मूळ जिभेत आहे, ही कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात प्रबळ होती. फ्रेंच वैद्य झां इतार याने १८१७ मध्ये जिभेला आधार देण्यासाठी तिच्याखाली ठेवावयाचा सोन्याचा किंवा हस्तिदंताचा काटा सुचविला. बर्लिनचा ख्यातनाम शस्त्रक्रियाविशारद योहान फ्रीड्रिख डीफेनबाख याने १८४१ मध्ये याहून पुढचे पाऊल टाकले. जिभेच्या मुळाशी आडवा छेद घेऊन पाचरीच्या आकाराचा तुकडा काढल्यास जिभेची आकडी सुटेल, असा त्याचा तर्क होता. ईथरची भूल १८४६ मध्ये प्रचारात आली. त्यामुळे ही शस्त्रक्रिया रुग्ण पूर्ण शुद्धीवर असतानाच होत असे. त्याच वर्षी फ्रान्स व इंग्लंडमध्येही अशा शस्त्रक्रिया झाल्या. वेदना व रक्तस्राव यांच्या धक्क्याने काही दिवस तोतरेपणा कमी झाल्यासारखा वाटे. पण तो परत येई आणि जीभ मात्र कायमची दुखावलेली राही. अल्पावधीतच ही पद्धत टाकून देण्यात आली. शस्त्रक्रियेचे कौशल्य उत्तम असूनही निदानाचा पाया चुकीचा असल्यास काय होते, याचे हे उदाहरण आहे.

स्वरयंत्र व मेंदू यांचे दर्शन : जिवंत माणसाचे स्वरयंत्र कार्य करताना पाहणे १८५४ पर्यंत कोणालाही समाधानकारकपणे साधले नव्हते. ते साधणारा मान्वेल गार्सीआ (१८०५–१९०६) हा वैद्य नसून गायनशिक्षक होता. दंतवैद्याचा लहान आरसा घशात धरून व दुसऱ्या आरशाने त्यावर सूर्यप्रकाश टाकून त्याने स्वतःच्याच स्वरतंतूंची हालचाल पाहिली आणि १८५५ मध्ये आपली निरीक्षणे लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडली. लूटव्हिख ट्युर्क व योहान चेरमाक यांनी १८५७–५८ मध्ये या साधनाचा रोगनिदानासाठी उपयोग सुरू केला. घोगरेपणा या एकाच लक्षणामागे सूज, गाठ, स्वरतंतूचा पक्षाघात, क्षय किंवा कर्करोग अशी निरनिराळी कारणे असतात, हे आता डोळ्यांनी दिसू लागले. ३१ डिसेंबर १८७३ रोजी व्हिएन्ना येथे टेओडोर बिलरोट याने कर्करोगामुळे संपूर्ण स्वरयंत्र काढून टाकण्याची शस्त्रक्रिया केली. त्याचा सहकारी कार्ल गुसेनबाउअर याने त्या रुग्णासाठी कृत्रिम स्वरयंत्र तयार केले आणि त्याच्या साहाय्याने रुग्ण बोलू शकला. प्राण वाचविण्याबरोबर वाणीही परत दिली पाहिजे, हा विचार या शस्त्रक्रियेच्या आरंभापासूनच दिसतो. [→ स्वरयंत्र].

याच सुमारास मेंदूकडेही लक्ष वळले. १८६१ मध्ये पॅरिसचा शस्त्रक्रियाविशारद पॉल ब्रॉका याने एका रुग्णाचे वर्णन केले. त्यास बोललेले समजत असे, जीभही हालविता येत असे. पण तोंडून ‘तां’ या अक्षराखेरीज जवळजवळ काहीच निघत नसे. मृत्यूनंतर त्याच्या मेंदूच्या डाव्या अर्धगोलातील ललाटखंडात विकृती आढळली. कार्ल व्हेर्निके याने १८७४ मध्ये दुसरा प्रकार दाखविला. त्यात रुग्ण अस्खलित बोलतो, पण त्याचे शब्द निरर्थक असतात व त्यास दुसऱ्याचे बोलणे समजत नाही. वाचा गेली म्हणजे बुद्धी गेली असे नव्हे, हा या संशोधनाचा मोठा लाभ होय.

दुभंग टाळू : टाळू जन्मतः दुभंगलेला असल्यास हवा नाकावाटे निसटते व उच्चार अनुनासिक होतात. सोळाव्या शतकात फ्रान्समधील आंब्र्वाझ पारे याने टाळूतील छिद्र बुजविण्यासाठी धातूची तबकडी वापरली. मृदू टाळू शिवण्याची शस्त्रक्रिया कार्ल फोन ग्रेफे याने १८१६ मध्ये व कठीण टाळू बंद करण्याची सुधारलेली पद्धत बेर्नहार्ट फोन लांगेनबेक याने १८६१ मध्ये प्रसिद्ध केली. टाळू शिवला तरी बोलणे आपोआप सुधारत नाही, हे मात्र सावकाश उमगले. आता ही शस्त्रक्रिया मूल बोलू लागण्याच्या सुमारास, सामान्यतः पहिल्या दीड वर्षाच्या आत करतात आणि नंतर वाक्‌चिकित्सकाकडून उच्चार शिकवितात.

स्वतंत्र शास्त्राचा उदय : विसाव्या शतकाच्या आरंभी वाक्‌चिकित्सा हे स्वतंत्र शास्त्र म्हणून पुढे आले. बर्लिन विद्यापीठात हेर्मान गुट्‌समान याने १९०५ मध्ये त्याची मुहूर्तमेढ रोवली. एमिल फ्रशल्स याच्या पुढाकाराने १९२४ मध्ये व्हिएन्ना येथे या शास्त्राची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली व १९२५ मध्ये अमेरिकेतही तज्ञांची संघटना निघाली. दोन्ही महायुद्धांनी या कार्यास गती दिली. पहिल्या महायुद्धात मानसिक धक्क्याने वाचा गेलेल्या सैनिकांवर ऑस्ट्रेलियात उपचार करणारा लायोनेल लोग याच्याकडे वैद्यकाची पदवी नव्हती. पुढे लंडनमध्ये त्याने १९२६ पासून ड्यूक ऑफ यॉर्क, म्हणजे नंतरचा राजा सहावा जॉर्ज, याच्या तोतरेपणावर श्वसनाच्या व्यायामांनी व धीर देऊन उपचार केले. दुसऱ्या महायुद्धात डोक्यास इजा झालेल्या सोव्हिएट सैनिकांच्या अभ्यासातून अलिक्सांद्र लूरिया याने वाचाघातातील पुनःशिक्षणाच्या पद्धती तयार केल्या.

तोतरेपणाचे मूळ ऐकणाऱ्याच्या वागण्यात असते, असे मत अमेरिकेतील आयोवा विद्यापीठातील वेंडेल जॉन्सन याने मांडले. लहान मूल स्वाभाविकपणे अडखळते. आईबाप त्यास दोष म्हणतात आणि त्या भीतीनेच तो दोष पक्का होतो, असे त्याचे प्रतिपादन होते. या कल्पनेच्या पडताळणीसाठी १९३९ मध्ये त्याच्या मार्गदर्शनाखाली एका अनाथालयातील २२ मुलांवर प्रयोग करण्यात आला. त्यांतील नीट बोलणाऱ्या सहा मुलांना, तुम्ही तोतरे बोलता, असे वारंवार सांगण्यात आले. ती तोतरी झाली की नाही, याविषयी मतभेद आहेत. परंतु त्यांपैकी काही मुले बोलण्यास बिचकू लागली व घुमी झाली, यात शंका नाही. हा प्रकार २००१ मध्ये उजेडात आल्यावर विद्यापीठाने क्षमा मागितली आणि २००७ मध्ये आयोवा राज्याने भरपाई देऊन दावा मिटविला. पुढील संशोधनाने तोतरेपणाचे कारण केवळ पालकांवर ढकलणे चूक असल्याचे दाखविले. आनुवंशिकतेचा त्यात मोठा वाटा असून २०१० मध्ये काही रुग्णांत त्यासंबंधीचे जनुकीय बदलही आढळले. सुमारे पाच टक्के मुले केव्हा ना केव्हा तोतरी बोलतात, परंतु प्रौढांत हे प्रमाण सुमारे एक टक्का उरते. सिडनी येथे १९८० नंतर विकसित झालेल्या लिडकोंब पद्धतीत आईबापच वाक्‌चिकित्सकाच्या देखरेखीखाली मुलाच्या सहज बोलण्याचे कौतुक करून त्यास मदत करतात. ज्यांना एकेकाळी दोषी ठरविले, तेच आता उपचाराचे साधन झाले आहेत.

स्वरदोषांच्या क्षेत्रात १९६० नंतर सूक्ष्मदर्शकाखाली स्वरतंतूंवर शस्त्रक्रिया होऊ लागल्या. आवाजाच्या अतिवापराने होणाऱ्या लहान गाठी मात्र बव्हंशी शस्त्राविना, आवाज वापरण्याची रीत बदलून बऱ्या होतात. स्वरयंत्र काढलेल्या रुग्णांसाठी श्वासनाल व अन्ननलिका यांच्यामध्ये बसवावयाची झडप १९८० मध्ये प्रसिद्ध झाली. आकडीमुळे तुटक होणाऱ्या आवाजावर १९८४ पासून बोट्युलिनम विषाच्या सूक्ष्म मात्रेची अंतःक्षेपणे देण्यात येऊ लागली.

भारत व महाराष्ट्र : बहिऱ्या मुलांसाठी भारतातील पहिली शाळा एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात मुंबईत निघाली. वाक्‌चिकित्सकांचे पद्धतशीर प्रशिक्षण त्यानंतर सुमारे ऐंशी वर्षांनी सुरू झाले. १९६५ मध्ये म्हैसूर येथे या विषयाची अखिल भारतीय संस्था स्थापन झाली आणि १९६६ मध्ये मुंबईच्या टोपीवाला राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालयात व त्यास जोडलेल्या नायर रुग्णालयात श्रवण व वाक्‌चिकित्सेचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला. वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ मध्ये स्थापन झाली. गायकांच्या आवाजाचा विचार महाराष्ट्रात गायनशिक्षकांनीही केला. बी. आर. देवधर (१९०१–९०) यांनी आवाजाच्या जोपासनेचा शास्त्रीय दृष्टीने अभ्यास करून त्यावर लेखन केले. त्यांचे शिष्य कुमार गंधर्व यांना १९४७ नंतर क्षयामुळे काही वर्षे गाणे बंद ठेवावे लागले. एका फुप्फुसाची शक्ती गेल्यावर त्यांनी दमास झेपतील अशा स्वरसमूहांची गायकी घडविली. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या अधिनियमात स्वरयंत्र काढल्याने किंवा वाचाघातामुळे येणाऱ्या कायम स्वरूपाच्या वाचा व भाषाविषयक अपंगत्वाचा अंतर्भाव आहे.

प्रतिबंध : वाचादोषांचा प्रतिबंध बव्हंशी रुग्णालयाबाहेर होतो. गर्भवतीस रुबेला झाल्यास मूल बहिरे जन्मण्याचा धोका असतो. तो लशीने टळतो. आहारातील आयोडिनाच्या अभावामुळे येणारा मूकबधिरपणा आयोडिनयुक्त मिठाने टळतो. स्ट्रेप्टोमायसिनासारख्या काही औषधांनी श्रवणास इजा होत असल्याने ती जपून द्यावी लागतात. निरोगी कानातून निघणारे क्षीण ध्वनी मोजण्याची रीत डेव्हिड केंप याने १९७८ मध्ये दाखविली. तिच्या आधारे जन्मल्यानंतर दोन-तीन दिवसांतच बाळाच्या श्रवणाची वेदनारहित चाचणी घेता येते. दोष लवकर कळल्यास श्रवणयंत्र, कॉक्लिअर इंप्लांट किंवा खुणांची भाषा यांच्या साहाय्याने मुलास भाषा वेळेवर देता येते. भाषा आत्मसात करण्याचा पहिल्या काही वर्षांचा काळ वाया गेल्यास तो पुरता भरून निघत नाही.

प्रौढांत स्वरयंत्र व मुख यांच्या कर्करोगाचे प्रमुख कारण तंबाखू आहे. विडी-सिगारेटबरोबरच मिश्री व गुटखा यांचाही मुखाच्या कर्करोगाशी संबंध आहे. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ मध्ये बंदी घालण्यात आली. आवाज तीन आठवड्यांहून अधिक काळ घोगरा राहिल्यास स्वरयंत्राची तपासणी करून घेणे आवश्यक असते, कारण आरंभीच्या अवस्थेतील कर्करोग आवाज राखूनही बरा होऊ शकतो. शिक्षक, कीर्तनकार, गायक, नट व फेरीवाले यांना आवाजाच्या अतिवापराचा धोका अधिक. वारंवार पाणी पिणे, गोंगाटावर आवाज न चढविणे, घसा न खाकरणे, सर्दी-पडशात आवाजाला विश्रांती देणे आणि मोठ्या वर्गात ध्वनिवर्धक वापरणे हे त्यावरील साधे उपाय होत. अत्युच्च भाषण व मोठ्याने अध्ययन ही सुश्रुताने सांगितलेली कारणे साठ-सत्तर मुलांच्या वर्गात शिकविणाऱ्या शिक्षकास आजही तंतोतंत लागू पडतात.

जीभ, स्वरयंत्र, मेंदू, कान व अखेर ऐकणारा समाज असा दोषाच्या शोधाचा प्रवास झाला. यांपैकी कोणतेही एक स्थान सर्व दोषांचे मूळ मानल्याने हानीच झाली. ज्यांनी आधी नीट ऐकले व पाहिले आणि मग उपचार केला, त्यांच्याकडून या शास्त्राची प्रगती झाली. त्यांत वैद्यांइतकेच गायनशिक्षक, भिक्षू व शाळाशिक्षकही होते. बोलणाऱ्याचे वाक्य मध्येच न तोडता, त्याच्याऐवजी ते पुरे न करता, त्यास पुरेसा वेळ देणे हा ऐकणाऱ्याच्या हातातील उपाय आहे. त्यास कोणतेही साधन लागत नाही आणि तो कोणत्याही चिकित्सेबरोबर योजता येतो.